सेटअपचा तास वाया जात नाही

आमच्या विभागाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सूचना मांडली. पहिल्या वर्षाच्या मुलांना कोडिंगचा सराव यापुढे थेट ब्राउझरमध्येच द्यावा. कमांड लाइनवरचं साधन बसवण्यात आणि कॉन्फिगर करण्यात पहिलं प्रॅक्टिकल सगळं जातं, मुलं काळ्या पडद्याला घाबरतात आणि दोन तासांत कोडची एक ओळ लिहून होत नाही. "आपल्याला प्रोग्रामिंग शिकवायचंय मॅडम, इन्स्टॉलेशन नाही," असं ते माझ्याकडे वळून म्हणाले. बहुतेकांनी माना डोलावल्या. मला बोलायला पाच मिनिटं मिळाली, ती पुरली नाहीत. सरांबद्दल मला आदर आहे. मुलांचं भलं व्हावं म्हणूनच ते बोलत होते, यातही शंका नाही. पण ही सूचना चुकीची आहे, आणि तिचा फटका ज्या मुलांची त्यांना काळजी वाटते त्यांनाच सगळ्यात जास्त बसेल.

आम्ही सरावासाठी एक्सरसिझम नावाचं संकेतस्थळ वापरतो. कॅटरिना ओवेन यांनी २०१३ साली ते सुरू केलं, आपल्या विद्यार्थ्यांना सराव देण्याच्या गरजेतून. विनामूल्य आहे, ना-नफा तत्त्वावर चालतं, आणि पायथन, जावा, सी यांच्यासकट कितीतरी भाषांमधले प्रश्न त्यात आहेत. त्याचं कमांड लाइनचं साधन छोटंसं आहे. एकदाच त्याला दोन गोष्टी सांगायच्या असतात: तुमचं टोकन, म्हणजे तुम्ही कोण, आणि वर्कस्पेस, म्हणजे तुमचं काम या कॉम्प्युटरवर कुठे ठेवायचं. 'एक्सरसिझम कॉन्फिगर' ही ती कमांड. त्यानंतर 'डाउनलोड' म्हटलं की प्रश्न तुमच्या फोल्डरमध्ये येतो, आणि सोडवून झाला की 'सबमिट'. सगळा पसारा एवढाच, आणि त्याच्या पहिल्या पायरीवर मुलांचा तास जातो ही तक्रार.

तास जातो हे खरंच आहे. पण त्या तासात काय होतं ते जवळ उभं राहून पाहायला हवं.

साधनाची झिप फाइल उतरवून झाली की बहुतेक मुलं पहिल्यांदा एकच करतात. आतल्या फाइलवर डबल-क्लिक. काळी खिडकी काही क्षण उघडते आणि नाहीशी होते. मुलगा पुन्हा क्लिक करतो, पुन्हा तेच. मग हात वर येतो: "मॅडम, माझं खराब आहे." खराब काहीच नसतं. ते साधन चालू झालं, मला कमांड लाइनवरून चालवा एवढं छापून निघून गेलं, आणि त्याच्यासाठी उघडलेली खिडकीही बंद झाली. हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत मुलाला कळतं की प्रोग्राम म्हणजे चित्रावर बोट ठेवलं की उघडणारं दुकान नव्हे. तो सुरू होतो, त्याला काही सांगावं लागतं, तो काही उत्तर देतो आणि संपतो. प्रोग्रामिंग शिकायला आलेल्या मुलासाठी याहून मूलभूत धडा कुठला, ते सरांनी मला सांगावं.

दुसरी अडचण पाथची. साधन डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडलेलं असतं आणि मुलगी टर्मिनलमध्ये, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, 'एक्सरसिझम' असं लिहिते. विंडोज सांगतं की या नावाची अंतर्गत किंवा बाह्य कमांड मला ओळखीची नाही. मग पाथ समजावून सांगते: नुसतं नाव घेतलं तर कॉम्प्युटर ते कुठल्या कुठल्या फोल्डरांत शोधणार, त्याची यादी म्हणजे पाथ. तुम्ही उभे आहात तो फोल्डर सोडला, तर यादीत नसलेल्या ठिकाणी तो जाणार नाही. हे एकदा समजलं की पायथन बसवताना 'पाथमध्ये जोडा' या चौकोनात टिक का करायची ते कळतं, जावाच्या वेळी होणारा घोळ कळतो. हे नुसतं इन्स्टॉलेशन असतं तर ते एका साधनापुरतं राहिलं असतं. पाथ मात्र पुढे या मुलांनी बसवलेल्या प्रत्येक गोष्टीत भेटतो.

वर्कस्पेसबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण माझ्या मते खरा धडा तिथेच आहे. आज आमच्याकडे येणारी बरीच मुलं मोबाइलवर वाढली आहेत. त्यांच्या लेखी फाइल 'ॲपमध्ये' असते. "डाउनलोड झालं का?" "हो." "कुठे?" या प्रश्नाला उत्तर नसतं. त्यांचा दोष नाही. मोबाइलने त्यांना तो प्रश्न कधी पडूच दिला नाही. कॉन्फिगर करताना हे साधन पहिल्यांदा तो प्रश्न विचारतं: तुझं काम कुठे ठेवायचं?

एका मुलीने आपल्या सेकंडहँड लॅपटॉपवर त्याचं उत्तर दिलं. दुकानात विंडोज टाकून देताना खात्याचं नाव 'श्री गणेश' ठेवलेलं होतं, दोन शब्द, मध्ये मोकळी जागा. तिने वर्कस्पेसचा पत्ता बरोबर लिहिला, एंटर दाबलं. साधनाने सगळं मान्य केलं आणि काय नोंदवलं त्याची यादी छापली. यादीत वर्कस्पेसपुढे पत्ता 'श्री'पर्यंतच होता. पुढचं गायब. प्रश्न उतरवायला गेली तर परवानगी नाही असं उत्तर. ती रडकुंडीला आली होती. मी काही सांगितलं नाही, फक्त ती यादी पुन्हा वाचायला लावली, मोठ्याने. तिसऱ्यांदा वाचताना ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, गणेश कुठे गेला?" मग तिला कळलं की टर्मिनलसाठी मोकळी जागा म्हणजे एक गोष्ट संपली आणि दुसरी सुरू झाली, सगळा पत्ता एकच आहे हे सांगायचं तर तो अवतरणचिन्हांत घालावा लागतो. पुढे दोन आठवड्यांनी पायथनमध्ये स्ट्रिंग शिकवताना अवतरणचिन्हं का लागतात हा प्रश्न मी वर्गाला विचारला. हात तिचा पहिला वर आला.

ब्राउझरमध्ये हे घडलं नसतं. ब्राउझरने तिला अडवलंच नसतं, आणि 'गणेश' हरवल्याचं तिला कधी दिसलंही नसतं. सर याला ब्राउझरचा गुण म्हणतात. मला तो तोटा वाटतो, कारण ती मोकळी जागा कुठे जात नाही. ती तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये येते, सबमिशनच्या आदल्या रात्री, तेव्हा शेजारी कुणी मॅडम नसतात.

आता टोकन. एका वर्षी एका मुलाने कॉन्फिगर यशस्वी झाल्याच्या आनंदात स्क्रीनचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कॉन्फिगरची कमांड टोकन स्पष्ट छापते, त्यामुळे फोटोत अख्खं टोकन होतं. मी त्याला ओरडले नाही. सगळा वर्ग थांबवला आणि विचारलं, "हे टोकन माझ्या कॉम्प्युटरवर टाकलं तर मी कोण होईन?" शांतता. मग मागून कुणीतरी म्हणालं, "तुम्ही तो व्हाल." टोकन म्हणजे पासवर्डसारखीच गुप्त गोष्ट आहे हे त्या दिवशी सगळ्यांना समजलं. त्याने जुनं टोकन रद्द करून नवं घेतलं. याच साधनात अडचण शोधण्यासाठी 'ट्रबलशूट' नावाची कमांड आहे. ती सगळी माहिती छापते, पण टोकन झाकून. मी दोन्हींची छापील यादी शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं, मदत मागताना कुणाला कुठली पाठवायची? हा प्रश्न परीक्षेत येत नाही, पण नोकरीत पहिल्या आठवड्यात येतो. कोड ठेवण्याची जागा असलेल्या गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून कमांड लाइनवर साधा पासवर्ड स्वीकारणं बंद केलं. तेव्हापासून टोकन किंवा की लागते. ज्या मुलाला टोकन म्हणजे काय हे ठाऊक नाही, तो गिटहबच्या दारातच अडतो. आणि ज्याला ते जपायचं कसं हे ठाऊक नाही, तो एक दिवस कंपनीची गुप्त की सगळ्या जगाला दिसेल अशा कोडमध्ये टाकून मोकळा होतो.

सरांचा सगळ्यात जोरदार मुद्दा वेगळा होता. ते म्हणाले, एक्सरसिझमने स्वतःच २०२१ साली ब्राउझरमधला एडिटर आणला. ज्यांनी साधन केलं त्यांनाच ते अवघड वाटलं ना? याला मी बैठकीत नीट उत्तर देऊ शकले नाही, म्हणून इथे देते. त्यांनी ब्राउझरचा रस्ता जोडला, कमांड लाइनचा बंद केला नाही. दोन्ही आजही चालू आहेत. पण दोन रस्ते खुले असण्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा मुलाला दोन्हींवरून चालता येतं. एकच रस्ता माहीत असलेल्याकडे निवड नसते. सर जी सूचना करत आहेत ती निवड देत नाही, काढून घेते.

आणि एक गोष्ट मला मान्य आहे, ती आडपडदा न ठेवता सांगते. ज्या मुलाकडे कॉम्प्युटरच नाही, फक्त मोबाइल आहे, त्याला घरी सराव ब्राउझरमध्येच करावा लागणार. पहिल्याच दिवशी पहिली ओळ चालताना पाहण्याचा आनंद हवा असेल, तर एखादा प्रश्न ब्राउझरमध्ये सोडवायलाही माझी हरकत नाही. माझी हरकत कायमचं तिथेच ठेवायला आहे, तेही मुलांवर दया म्हणून.

त्या दयेचा प्रश्न आता सरळ घ्यायला हवा, कारण बैठकीत बहुतेकांच्या माना डोलल्या त्या त्यासाठीच. "आपली मुलं मराठी माध्यमातून आलेली, खेड्यातली, त्यांना हे झेपत नाही." हे वाक्य मी वीस वर्षं ऐकते आहे, वेगवेगळ्या विषयांत, वेगवेगळ्या तोंडून. दर वेळी ते प्रेमाने म्हटलेलं असतं, आणि दर वेळी त्याचा परिणाम एकच असतो: अभ्यासक्रमातली एक गोष्ट कमी होते आणि शहरातल्या मुलांपासूनचं अंतर तेवढ्यानेच वाढतं. पुण्यात किंवा ठाण्यात ज्या घरात मोठा भाऊ किंवा आई-वडील आयटीत आहेत, तिथे पाथ म्हणजे काय हे मुलाला जेवताना कळतं. त्याला वर्गात शिकवलं नाही तरी चालतं. आमच्या मुलीला ते शिकायला एकच जागा आहे, आमची प्रयोगशाळा. तिथूनही काढून टाकलं तर तिने ते कुठे शिकावं? आणि हा प्रश्न फक्त खेड्यातल्या मुलांचा आहे असंही समजू नये. अमेरिकेतल्या एमआयटीसारख्या संस्थेत २०२० साली काही संशोधक विद्यार्थ्यांनी खास एक छोटा अभ्यासक्रम घेतला, तो नेमका शेल, टर्मिनल, एडिटर आणि गिट यांच्यावर. त्याच्या नावातच 'हरवलेलं सत्र' असा शब्दप्रयोग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनाही हे कुणी शिकवत नाही, ते आपोआप येईल असं गृहीत धरलं जातं, अशी त्यांची तक्रार होती. एमआयटीच्या मुलांना हे मुद्दाम शिकवावं लागतं, आणि आमच्या मुलांना ते झेपणार नाही म्हणून आम्ही वगळायचं?

झेपण्याच्या आड येते ती भाषा, आणि त्यावर उपाय आहे. चूक दाखवणारा संदेश इंग्रजीत येतो, कधी तांबड्या अक्षरांत येतो, आणि मराठी माध्यमातल्या मुलाला तो रागावल्यासारखा वाटतो. शाळेत इंग्रजीत कुणी मोठ्याने बोललं की ओरडा बसणार, हा अनुभव त्याच्या मनात पक्का असतो. म्हणून मी वर्गात प्रत्येक संदेश मोठ्याने वाचायला लावते आणि मग मराठीत सांगायला लावते. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.' म्हणजे? "या नावाची फाइल किंवा फोल्डर इथे नाही." मग? "मग मी चुकीच्या फोल्डरमध्ये आहे." दुसरं वाक्य मुलगा स्वतः बोलतो. मी सांगितलेलं नसतं. एक्सरसिझमचे संदेश तर बरेच सभ्य आहेत. कॉन्फिगर न करता कमांड दिली तर ते स्वागत करतं, टोकन लागेल म्हणतं आणि कुठे मिळेल त्याचा पत्ताही देतं. आधीच उतरवलेला प्रश्न पुन्हा उतरवायला गेलात तर ते नकार देतं, कारण तुम्ही लिहिलेलं पुसलं जाईल. मुलाला हा नकार सुरुवातीला अपमान वाटतो. तो नकार आपल्याच कामाची राखण करत होता हे कळलं की त्याचा चेहरा बदलतो. हा बदल मी दर वर्षी पाहते, आणि शिकवण्यातला तो माझा सगळ्यात आवडता क्षण आहे.

असाच एक प्रसंग सबमिटचा. मुलं सोडवलेली फाइल सवयीने डेस्कटॉपवर कॉपी करतात आणि तिथून पाठवायला जातात. साधन म्हणतं, या प्रश्नाबद्दलची आवश्यक माहिती इथे नाही. फाइल तर तीच आहे! मग आम्ही मूळ फोल्डरमध्ये जाऊन लपलेल्या गोष्टी दाखवणारा पर्याय चालू करतो, आणि टिंबाने सुरू होणारा एक फोल्डर प्रकट होतो. हा कुठला प्रश्न, कुठल्या भाषेचा, याची नोंद त्यात असते. फाइल एकटी नसते, तिच्या शेजारी तिची ओळख ठेवलेली असते, हे ज्याला एकदा दिसलं त्याला पुढे गिट शिकवताना मला फार बोलावं लागत नाही. गिटही आपला सगळा इतिहास तशाच एका टिंबाच्या फोल्डरमध्ये ठेवतं.

राहिला प्लेसमेंटचा, म्हणजे नोकरीसाठीच्या निवडीचा मुद्दा. तो मी थोडक्यात संपवते. कंपन्यांच्या चाचण्या ब्राउझरमध्येच होतात, हे खरं. त्यासाठी शेवटच्या वर्षी महिनाभर ब्राउझरमध्ये सराव करून घ्यावा, मी स्वतः घेईन. पण चाचणी म्हणजे दार. दारातून आत गेल्यावर पहिल्या दिवशी लॅपटॉप हातात देतात आणि सांगतात, प्रोजेक्ट उतरवून घ्या, चालवून दाखवा. तिथे ब्राउझरमधली चौकट नसते. आणि ज्यांना स्पर्धेची हौस आहे त्यांच्यासाठीही सांगते: आयसीपीसी या महाविद्यालयीन प्रोग्रामिंग स्पर्धेत तिघांच्या संघाला एकच कॉम्प्युटर मिळतो आणि इंटरनेट मिळत नाही. फाइल स्वतः तयार करायची, स्वतः कंपाइल करायची, स्वतः चालवून पाहायची. कोड लिहून देणारी एआयची कितीतरी नवी साधनंसुद्धा आता टर्मिनलमध्ये चालतात, आणि त्यांनी काय चालवलं, कुठल्या फोल्डरमध्ये चालवलं हे तपासायला माणसाला टर्मिनल वाचता यावं लागतं.

बैठकीत कुणाच्याच तोंडी न आलेली एक गोष्ट आहे, ती नेटची. एक्सरसिझमचा प्रश्न उतरवला की त्यासोबत त्याच्या चाचण्याही येतात. पायथनचा पहिलाच प्रश्न घ्या. फाइलमध्ये 'गुडबाय, मार्स!' असं उत्तर देणारं फंक्शन आधीच लिहिलेलं असतं आणि चाचणीला हवं असतं 'हेलो, वर्ल्ड!'. पायटेस्ट हे चाचण्या चालवणारं साधन एकदा बसवलेलं असेल तर चाचणी तुमच्याच कॉम्प्युटरवर चालते: आधी तांबडी, दुरुस्त केल्यावर हिरवी. नेट लागतं ते फक्त उतरवताना आणि पाठवताना. आमची कितीतरी मुलं गावी भावाच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतात. दिवसाचा डेटा संध्याकाळपर्यंत संपतो, टॉवरची रेंज अंगणात येते आणि घरात जाते. सकाळी कॉलेजात दहा प्रश्न उतरवून घेतलेला मुलगा रात्री नेट नसताना ते दहाही सोडवू शकतो, प्रत्येकाची चाचणी स्वतः चालवू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात येऊन पाठवू शकतो. ब्राउझरवर अवलंबून असलेल्या मुलाचा सराव रेंज गेली की थांबतो. जे साधन गरीब घरातल्या मुलाच्या परिस्थितीला जास्त जुळतं, तेच आम्ही त्याला अवघड म्हणून नाकारतो आहोत.

पहिलं प्रॅक्टिकल विस्कळीत होतं, हा दोष मात्र आपला आहे, साधनाचा नाही. एकाच वेळी अख्ख्या बॅचला 'आता कॉन्फिगर करा' म्हणून सोडून दिलं, आणि मदतीला एक शिक्षक असला, तर कुठलंही काम विस्कळीतच होणार. गेली दोन वर्षं मी एक मराठी पान छापून वाटते. त्यावर पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीला स्क्रीनवर काय दिसायला हवं ते आहे, आणि तसं दिसलं नाही तर पहिल्यांदा काय वाचायचं तेही आहे. दुसऱ्या वर्षाची चार मुलं मदतीला बोलावते. त्यांनी वर्षापूर्वी त्याच अडचणी सोसलेल्या असतात, त्यामुळे ती माझ्यापेक्षा चांगलं समजावतात. तास तरीही जातो. पण दुसऱ्या प्रॅक्टिकलला कुणी "खराब आहे" म्हणत नाही, "मॅडम, पाथमध्ये नाहीये" म्हणतं.

सर, सूचनेवर निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे. नवं वर्ष सुरू होईल तेव्हा पहिली दोन प्रॅक्टिकल मला द्या आणि त्या दोन्ही दिवशी तुम्ही स्वतः प्रयोगशाळेत या, मुलांच्या मागे उभे राहा, त्यांचं बोलणं ऐका. ते मराठी पान मी तुमच्या टेबलावर ठेवलं आहे. त्यात काही चुकलं असेल तर दुरुस्त करून द्या, नव्या बॅचसाठी तेच छापायचं आहे.